मुद्गलाची जोडी: एक ऑनलाइनवाली, एक आमच्या मिस्त्रीबुवांची

हा रिव्ह्यू एका नाही, दोन जोड्यांचा आहे. पहिली ऑनलाइन मागवली अन् पस्तावलो, दुसरी गावच्या मिस्त्रीबुवांनी बाभळीची करून दिली, ती होळीपासून रोज सकाळी हातात आहे. पहिल्या कंपनीचं नाव टाकत नाही, टाकून फायदाही नाही, तीच जोडी तेच फोटो लावून चार वेगवेगळ्या नावांनी विकून राह्यले.

ज्यांना मुद्गल माहीत नाही त्यांनी आधी हनुमानाची गदा डोक्यातून काढा. गदा म्हणजे लांब दांडा अन् टोकाला गोळा, मुद्गल म्हणजे अख्ख्या एका लाकडातून काढलेला, वर मूठ, मुठीच्या टोकाला बोंड, मग मान बारीक अन् खाली बुड जाड, उभ्या ठेवलेल्या सोड्याच्या बाटलीवाणी. अन् तो जोडीनं असतो, दोन हातात दोन. हलक्या सडपातळ जोडीला काही जण करेल म्हणतात, आमच्याइकडच्या जुन्या माणसांना विचारलं तर ते सगळ्यालाच 'जोडी' म्हणतात, "जोडी फिरवत होतो आम्ही" असं.

मी कसरतीचा माणूस नाही, चौदा एकराचा कास्तकार आहे, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यापासून वीसेक किलोमीटरवर गाव. मागच्या हंगामात कपाशीवर फवारणीला माणूसच भेटेना, मग सोळा लिटरचा पंप स्वतःच पाठीवर घेतला, दिवसाला पंधरा-सोळा पंप, पट्टे खांद्यात रुतलेले अन् उजव्या हातात नळी सारखी वर धरलेली. दिवाळी येता येता उजवा हात वर जाईना. बनियान काढायला पोराला हाक मारावी लागे, आंघोळीला पाठीला साबण पोचत नव्हता, रात्री त्या कुशीवर झोपायची सोय नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी फ्रोजन शोल्डर सांगितला, गोळ्या दिल्या अन् एक व्यायाम, वाकून दुखरा हात मोकळा लोंबकळत सोडायचा अन् घड्याळाच्या लंबकासारखा हळू हळू हलवायचा. दोन-अडीच महिने ते इमानदारीनं केलं, दुखणं बरंच बसलं, पण हात पूर्ण मोकळा होईना. तेव्हा डॉक्टरच म्हणाले की आता हलकं वजन गोल फिरवलं तरी चालेल. हे मुद्दाम लिहितो, कारण दुखत्या खांद्यानं कोणी डायरेक्ट मुद्गल उचलला तर तो मला शिव्या देईल अन् बरोबर देईल.

तर पहिली जोडी. एक हजार आठशे नव्व्याण्णव रुपये, 'अस्सल शिसम, प्रत्येकी २ किलो'. आठ दिवसांनी आली ती कुरिअरवाल्यानं तालुक्यातच ठेवली, गावात येत नाही म्हणे, तिथून मीच आणली. दिसायला झकास, चॉकलेटी, आरशासारखी चमकती. पण हातात घेतल्या घेतल्या उजव्या-डाव्यात फरक जाणवून राह्यला. मला वाटलं खांद्याचा दोष असेल. दोन्ही हात बदलून पाहिले, तरी एक जड ते जडच. मग किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेऊन ठेवले, साखरेचं पोतं बाजूला सारून, एक भरला १ किलो ८७० ग्रॅम अन् दुसरा २ किलो १४० ग्रॅम. पावशेराच्या वर फरक! किराणावाला म्हणे, भाऊ एवढी काटामारी त आम्हीबी करत नाही.

अन् मूठ. मूठ अशी जाड की माझ्या, म्हणजे कास्तकाराच्या हातात अंगठा अन् मधलं बोट एकमेकाला भेटत नव्हतं, बाया-पोरांचं तर सोडाच. टोकाचं बोंड नावापुरतं. त्यावर व्हार्निशचा जाड थर. कोरड्या हातात ठीक, पण घाम आला की साबणाची वडी. तिसऱ्या दिवशी मागचा फेरा घेताना डाव्या हातातला निसटला तो सरळ गोठ्याच्या टिनावर, टिनावरून गव्हाणीत, अन् म्हशीनं दावं तोडलं. म्हैस शेजाऱ्याच्या हरभऱ्यात सापडली. मुद्गलाचा टवका उडाला तिथं आतून पिवळट-पांढरं लाकूड दिसलं, शिसम काळपट तांबूस असतो हे लहान पोरगंबी सांगेल. मिस्त्रीबुवांनी नंतर नख लावून पाहिलं अन् म्हणाले आंबा होय, पेट्या करतात त्यातला.

परत करायला गेलो तर पिकअप तीनदा लागला अन् तीनदा कॅन्सल झाला, 'ग्राहक उपलब्ध नव्हते' असा मेसेज, मी घरीच बसलेला. जाऊ द्या. एक मुद्गल सध्या गोठ्यात खुंटे ठोकायला आहे, त्या कामाला पाच स्टार.

हे सगळं चालू असताना आमचे आबाजी, वय ऐंशीच्या पलीकडं, रोज सकाळी काठी टेकत मंदिराकडं जातात, ते अंगणाशी थांबून पाहत होते. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाबू, हे का फिरवून राह्यला? हे त मोठ्ठं बेलणं होय."

आबाजी जवानीत गावच्या आखाड्याचे. आता त्या आखाड्यात मंडपाचे बांबू अन् गणपतीचा डीजेचा स्टँड ठेवतात, लाल माती केव्हाच गेली, पण एकेकाळी नागपंचमीला तिथं कुस्त्या व्हायच्या. आबाजींनी त्यांच्या वेळी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात उन्हाळ्याचं शिबिर केलेलं. मंडळ १९१४ पासूनचं, वैद्य बंधूंनी काढलेलं, आमच्या वऱ्हाडात कोणाच्याही घरी एक तरी म्हातारा भेटतो ज्यानं तिथं लाठी नाहीतर लेझीम शिकलेली असते.

तर आबाजींनी जोडीतला एक मुद्गल मागितला अन् एक गोष्ट केली जी मला कोणत्याही व्हिडिओनं सांगितली नव्हती. मुद्गल आडवा करून एका बोटावर तोलला. कुठं थांबतो ते पाहिलं, तिथं खडूनं खूण केली. मग दुसरा. दोन्हीच्या खुणांत चांगला दोन बोटांचा फरक. "वजन सारखं असून काम नाही," म्हणे, "वजन कुठं हाय ते पाह्य." मी म्हटलं वजनबी सारखं नाही आबाजी. "मंग त फेकून दे."

हीच या सगळ्या रिव्ह्यूची मेख आहे राजेहो. दोन किलोचा डंबेल घेतला तर ते दोन किलो तुमच्या मुठीतच असतात. दोन किलोच्या मुद्गलात ते वजन मुठीपासून हातभर लांब, बुडाशी. कुऱ्हाड पात्याजवळ धरा अन् दांड्याच्या टोकाला धरा, तोच फरक. त्यामुळं वेबसाइटवर 'किती किलो' लिहिलेलं असतं त्याला अर्धाच अर्थ आहे, लांबी किती, बुड किती जाड अन् तोल कुठं येतो हे कोणी लिहीतच नाही. माझा भाचा नागपूरला जिमला जातो, पंधरा-पंधरा किलोचे डंबेल उचलतो, पाडव्याला आला अन् माझी जोडी पाहून हसला. तिसाव्या फेऱ्याला त्याचं मनगट ढिलं पडलं अन् बोंडाचा वळ तळहातावर उमटला. मामा हे काय आहे, म्हणे. म्हटलं, बाभूळ.

आता बाभळीची गोष्ट. आबाजींनीच मिस्त्रीबुवांकडं धाडलं. मी सागवान घेऊन जायच्या तयारीत होतो, परतवाडा म्हणजे मेळघाटच्या सागाची बाजारपेठ, तिथं तुकडे सहज भेटतात. मिस्त्रीबुवा म्हणाले साग दरवाजाले, पलंगाले. आपटाआपटीच्या कामाले बाभूळ. नांगर, वखर, गाडीचं चाक, हे जुने लोक बाभळीचे कायले करत होते? जड, चिवट, मार खाते. अन् माझ्याच धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, एक बाभूळ तीन वर्षांआधीच्या वादळात पडलेली, खोड तसंच सुकत पडलेलं, चांगलं फूटभर जाड. ते बैलगाडीत टाकून आणलं. मिस्त्रीबुवांनी आधी कुऱ्हाडीचा तुंबा मारून आवाज ऐकला, मग नाकाजवळ नेलं, मग म्हणाले चालते.

त्यांनी खोड मधोमध उभं चिरलं, दोन फाका. एका फाकेतून एक मुद्गल, दुसऱ्या फाकेतून दुसरा. म्हणजे दोन्ही एकाच खोडाचे, एकाच उंचीवरचे, सख्खे भाऊ, वजनात फरक पडायला जागाच नाही. खोडाचा अगदी मधला ठिपका दोन्हीकडून तासून टाकला, कारण तडा तिथूनच सुरू होतो. सालीखालचं पांढरं लाकूडबी काढलं, त्याला कीड लागते, आत फक्त लालसर तपकिरी गाभा. अन् माप घ्यायला त्यांनी टेप काढला नाही. सुतळी काढली. माझ्या अंगठ्याचं अन् मधल्या बोटाचं कडं करायला लावलं, त्या कड्यातून सुतळी फिरवून गाठ मारली, हेच मुठीचं माप. मग हात खाली सोडून उभं राहायला लावलं अन् मुठीपासून घोट्याच्या जरा वरपर्यंत कांडीनं मोजलं, मुद्गल लोंबता ठेवला तर जमिनीला लागला नाही पाहिजे म्हणून. चोवीस इंच आलं.

गावात खराद मशीन नाही. पलंगाचे पाय अन् बेलणी काढून देणारा खरादवाला परतवाड्याला आहे, मिस्त्रीबुवा स्वतः माझ्या मोटारसायकलवर मागं बसून, दोन ठोकळे पोत्यात बांधून मांडीवर घेऊन आले. खरादवाल्यानं आधी नाही म्हटलं, बाभळीनं पटाशीची धार जाते म्हणे. मग जास्तीचे पन्नास कबूल केल्यावर लावला. तो बाभळीचा भुसा उडतो ना, लालसर, त्याचा वास मला अजून आठवते, चिंच अन् ओली माती मिसळल्यासारखा. मिस्त्रीबुवा बाजूला उभे राहून सुतळी लावून लावून मूठ पाहत होते. पुरी झाल्यावर दोन्ही बोटावर तोलले, एकाचा तोल नखभर खाली येत होता, त्याच्या बुडाचा एक पातळ पापुद्रा काढायला लावला, परत तोलले. घरी येताना मी हट्टानं किराणावाल्याच्या काट्यावर ठेवले. २ किलो ५० अन् २ किलो ६०. दहा ग्रॅम! किराणावाल्यानं त्यांना चहा पाजला.

व्हार्निश नाही. जवसाचं तेल, कोमट करून, फडक्यानं, आठ दिवस रोज एक हात, अन् प्रत्येक हाताआधी बारीक कागदानं घासायचं. मुठीला तेही कमी. त्यामुळं घामानं हात घसरत नाही, उलट घाम पिऊन मूठ हळूहळू काळी अन् गुळगुळीत होत चालली. बोंड चांगलं लिंबाएवढं, करंगळीखाली बसते, त्यामुळं मूठ आवळावी लागत नाही.

अन् मूठ न आवळणं हेच खरं शिकणं होय. मी पहिले पंधरा दिवस ते चुकवलं. मुद्गल दाबून धरायचो अन् खांद्याच्या जोरानं ढकलायचो, दुसऱ्या दिवशी कोपर ठणकायचं. आबाजी ओट्यावर बसून म्हणायचे, "ढकलू नोको त्याले, जाऊ दे. तो आपला आपून येते." म्हणजे असं, मुद्गल आधी सरळ डोक्याजवळ उभा धरायचा, हात खांद्यावरून मागं न्यायचा, कोपर कानाजवळ वर, मुद्गल पाठीमागं लोंबकळला की तो स्वतःच्या वजनानं झुलते, त्या झोक्याला फक्त रस्ता दाखवून दुसऱ्या खांद्यावरून पुढं आणायचा. कंबर मागं वाकवायची नाही, सगळे नवखे तिथंच कंबर तोडतात, पोट आत अन् गुडघे जरासे सैल. आधी एकाच हातानं, तो जमला की दुसरा, मग आलटून पालटून. मी दहा-दहा फेऱ्यांपासून चालू केलं, आता पन्नास-पन्नासचे तीन डाव करतो, सगळं मिळून पंधरा मिनिटं. अंगणात चारी बाजूंनी दोन-दोन हात जागा पाहिजे, वर वायर नको, मांडवाची बल्ली नको, अन् लहान पोरं तर अजिबात नकोत.

खांद्याचं विचाराल तर श्रावणापर्यंत उजवा हात पाठीमागून डाव्या खांद्याच्या पात्याला लागायला लागला. या हंगामात फवारणीही केली, पण पंप अर्धा भरून अन् मधात मधात थांबून, एवढी अक्कल आली. सगळं श्रेय मुद्गलाला देत नाही, डॉक्टरांचा लंबकबी होताच.

पोरगी अमरावतीला बी.पी.एड. करते, ती सुटीत आली अन् जोडी पाहून खूश. तिनं तिच्या कॉलेजच्या रिदमिक जिम्नॅस्टिक्सवाल्या क्लब आणून दाखवल्या, प्लास्टिकच्या, हातभर, एकेक दीडशे ग्रॅमची. मी म्हटलं हे काय, खुळखुळा आहे का. ती म्हणे बाबा, हे तुमच्याच मुद्गलाचे नातू. इंग्रजांच्या फौजेतल्या लोकांनी हिंदुस्थानात पैलवानांना, शिपायांना मुद्गल फिरवताना पाहिलं अन् विलायतेला नेलं, तिथं त्यांनी 'इंडियन क्लब' नाव ठेवलं, मग अमेरिकेत गेलं, शाळांत, व्यायामशाळांत सगळीकडं पसरलं, अन् १९०४ च्या सेंट लुईस अन् १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये मुद्गल फिरवण्याची चक्क स्पर्धा होती.

आबाजी ओट्यावरच होते. "मंग मेडल कोणाले भेटलं?"

"अमेरिकेला. दोन्ही वेळा तिन्ही मेडल."

"अन् आपून?"

आपलं कोणी नव्हतंच त्यात. आबाजींचा चेहरा असा झाला जसं कोणी धुरा कोरून नेला. मग पोरीनं सांगितलं की त्याच १९३२ ला हॉकीत आपण अमेरिकेला २४-१ नं हरवलं, तेव्हा कुठं त्यांनी चहा घेतला. अन् मुद्गलातला १९३२ चा सोन्याचं मेडलवाला जॉर्ज रॉथ, तो मंदीत बेकार झालेला माणूस, मेडल घेऊन स्टेडियमच्या बाहेर आला अन् रस्त्यावर लिफ्ट मागत घरी गेला असं सांगतात. हे ऐकून आबाजी एवढंच म्हणाले, "पैलवानाचं असंच असते." अमरावतीच्या मंडळाची टीम १९३६ ला बर्लिनच्या ऑलिम्पिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली, हे मात्र त्यांना तारीखवार पाठ आहे, ते पोरीलाच शिकवत होते.

बरं, मिस्त्रीबुवांच्या जोडीत खोट काहीच नाही असं नाही. एक, बैसाखात एका मुद्गलाच्या बुडाला केसाएवढी रेघ उमटली. मिस्त्रीबुवा म्हणाले उन्हात ठेवला असशील, अन् खरंच टिनाखाली ठेवला होता. तेव्हापासून घरात, पाटीखाली अंधारात ठेवतो, महिन्यातून एकदा जवसाचं तेल, रेघ वाढली नाही. दोन, वजन कमी-जास्त करता येत नाही, दोन किलो ते दोन किलोच. नवख्यानं एक-सव्वा किलोपासूनच चालू करावं, मी सरळ दोन घेतले तो माझा आगाऊपणा. तीन, वेळ. होळीला भेटली ती जोडी संक्रांतीपासून सांगितलेली, मधात मिस्त्रीबुवांकडं दोन लग्नांचे पलंग अन् एक दरवाजा होता अन् ते कोणाला नाही म्हणत नाहीत, फक्त करत नाहीत. फोन उचलत नाहीत, घरी जाऊन बसावं लागते. अन् फरशीवर पडला तर मुद्गलाला काही होत नाही, फरशीला होते. आमची एक फुटली.

खर्च सांगतो. लाकूड माझं. खरादवाल्याला चारशे, जास्तीचे पन्नास धरून. जवसाचं तेल घरचंच. मिस्त्रीबुवा पैसे घेईनात, खेळाचं सामान होय म्हणे, शेवटी पाचशे अन् एक पायली तूर ठेवून आलो. लाकूड विकत घ्यायचं म्हटलं तरी ऑनलाइनच्या खाली पडते, वरून हाताच्या मापाची.

कोणाला करून घ्यायची असेल तर दोन गोष्टी. ओलं लाकूड नेऊ नका, कमीत कमी दोन उन्हाळे पाहिलेलं पाहिजे, अन् पावसाळ्यात तर जाऊच नका, हवा ओली राहते अन् लाकूड नंतर मुरडते. सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीनंतर जा. अन् ज्याच्यासाठी जोडी करायची तो माणूस सोबत न्या, माप चिठ्ठीवर लिहून चालत नाही. आमच्या घरचीनं एक-एक किलोची सांगितली आहे, तिचा बी खांदा चुलीपुढं बसून बसून आखडते. सुतळीची गाठ मारून झाली, मिस्त्रीबुवांच्या खुंटीला टांगलेली आहे, माझ्या सुतळीच्या शेजारी. बाभूळ शोधून राह्यलो.